बारा माणसांची लाँच

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण आमच्या ह्यांच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी ऐकला नव्हता. बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस. मी म्हणायची, महिनाभर येऊन राहा आमच्याकडे, मग बोला. पुढे तेही म्हणायचं सोडून दिलं. खरंच येतील याची धास्ती होती.

ह्यांचं मूळ गाव परभणीकडचं. पण जन्म हैदराबादचा, शाळा उर्दू आणि नोकरी महसुलाच्या कचेरीत. घराणं शेतकऱ्याचं आणि वागणं नवाबाचं, जहागीर तेवढी नाही. इथली रीत अशी की आलेला माणूस जायला उठला की म्हणायचं, "बसा ना, जेवूनच जा." त्यानं म्हणायचं, "नको, पुन्हा येतो." आपण म्हणायचं, "असं कसं?" त्यानं म्हणायचं, "नाही, खरंच." असं तीनदा झालं की दोघंही सुटतात आणि घरातला भात घरातल्यांनाच पुरतो. फार छान रीत आहे, माझी काही तक्रार नाही. समोरचाही इथलाच असला म्हणजे झालं.

आमचे पाहुणे इथले नसत. आमचं घर काचीगुड्याला, स्टेशनापासून तीन मिनिटांवर, आणि मराठवाड्यातली गाडी काचीगुड्यालाच येऊन थांबते. औरंगाबादपासून नांदेडपर्यंत जो कुणी वळकटी घेऊन उतरेल, त्याला पहिल्यांदा आमचं घर दिसायचं.

त्यात ते सालच छप्पन्न. नोव्हेंबरच्या एक तारखेला हैदराबाद राज्य मोडणार होतं. मराठी जिल्हे मुंबई राज्यात आणि आम्ही राहतो ते शहर आंध्र प्रदेशात. ही बातमी गावोगावी पोहोचली आणि सगळ्यांनी एकच ठरवलं, हैदराबाद आपलं आहे तोवर बघून घ्यावं. एक तारखेला चारमिनार पेटीत घालून कुणी घेऊनच जाणार होतं ना. दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या दोन खोल्यांत चौदा पाहुणे होते. ह्यांचे काका केशवराव, पद्मावतीकाकू, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं, काकूंचा भाऊ आणि भावजय. ही झाली तेरा. चौदावे लक्ष्मणराव. ते कोण, हे मला चार दिवस कळलं नाही. मला वाटलं काकूंच्या माहेरचे, काकूंना वाटलं ह्यांच्या कचेरीतले. शेवटी कळलं की पूर्णा स्टेशनावर काकांनी त्यांच्याकडून चुना घेतला होता, आणि बोलता बोलता "उतरायचं कुठं, आमच्या एकनाथाकडंच चला की" असं सांगितलं होतं. माणूस गरीब होता बिचारा. सकाळचं वर्तमानपत्र ह्यांच्या आधी घ्यायचा, तेवढंच.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण माझा जीव दुसरीकडेच टांगणीला लागला होता.

ह्यांच्या कचेरीतल्या मराठी माणसांची नावं औरंगाबादच्या यादीत लागली होती. एक तारखेपर्यंत सामान बांधून निघायचं. एकच जागा इथं राहणार होती. मराठी जिल्ह्यांची जुनी दफ्तरं निवडायची, गठ्ठे बांधून तिकडे रवाना करायचे. दोन-तीन वर्षांचं काम, आणि पुढे इथंच कायम व्हायची आशा. त्याला मोडी आणि उर्दू दोन्ही वाचणारा माणूस हवा. असे दोघेच, एक आमचे हे आणि दुसरे त्यांच्या हाताखालचे हिम्मतराव. कचेरीचे मुंतजिम, म्हणजे ह्यांच्या वरचे साहेब, ह्या दोघांना म्हणाले, "आपसात ठरवा, आणि सोमवारी सकाळी एकाचा अर्ज आणून द्या."

मला ती जागा हवी होती. ह्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी. माझी आई, सावित्रीबाई, दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायची. मी तिची एकुलती एक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चूल कुठं आणि बादली कुठं हे हातानं चाचपून चालायची. जावयाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही हा तिचा नेम, तेव्हा आमच्याकडे येऊन राहायचा प्रश्नच नव्हता, औरंगाबादेला तर नाहीच. रोज सकाळ-संध्याकाळ मी तिकडे जाऊन तिच्याच पिठाची तिच्याच तव्यावर भाकरी टाकायची. मी गेले की तिची चूल कोण पेटवणार? या एका प्रश्नापुढे मला चारमिनार काय आणि मुंबई राज्य काय, कशाचं काही वाटत नव्हतं.

आठ दिवस मी ह्यांना विचारत होते, हिम्मतरावांशी बोललात का? हे म्हणायचे, बघू. याच्या पुढं बोलणं जायचंच नाही, कारण बोलायला जागा कुठे होती? स्वयंपाकघरात सुना, बाहेरच्या खोलीत काका, गच्चीवर लक्ष्मणराव. ह्यांना बाजूला घ्यावं म्हणून मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिले, तर माझ्या मागे तांब्या घेऊन तीन माणसं रांगेत उभी.

मग मला युक्ती सुचली. हुसेनसागरावर तेव्हा एका कंत्राटदाराची लहानशी मोटरलाँच होती. अख्खी भाड्यानं घेतली की दोन तास तलावात फिरवून आणायची. मी म्हटलं, रविवारी आपण चौघंच जाऊ. तुम्ही, मी, आपली तारा आणि आई. पाण्याच्या मधोमध कुणी येणार नाही, आणि मला ह्यांच्याकडून सरळ उत्तर मिळेल. हे लगेच हो म्हणाले. हे हो म्हणतातच. मी हात जोडून बजावलं, कुणाला बोलू नका. हे त्यालाही हो म्हणाले.

शनिवारी रात्रीच्या पंगतीत काकांनी विचारलं, "उद्या काय बेत एकनाथा?"

खोटं बोलायचं नाही आणि एकट्यानं जातो असं सांगायचं नाही. मग ह्यांनी काय करावं? हे म्हणाले, "जरा पाण्यावर जाऊन यावं म्हणतो. आपणही चला ना."

हैदराबादी माणूस असता तर म्हणाला असता, छे छे, तुम्ही जाऊन या. काका म्हणाले, "चला." आणि वरणासाठी वाटी पुढे केली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पंगत चालू होती, हातात भांडं होतं, मी वरण वाढलं. ह्यांनी खालच्या मजल्यावरच्या अन्सारीसाहेबांनाही विचारलं होतं. त्यांनी रीतसर तीनदा नको म्हटलं आणि ते घरी राहिले. पाहुण्यांच्या जागी त्यांनाच नेलं असतं तर निदान कुणी पाण्यात हात धुतले नसते. हिम्मतरावांना कचेरीत सांगून झालं होतं, तेही बायकोला घेऊन येणार होते. पहाटे उठून चौघांच्या पुऱ्यांच्या मी वीस जणांच्या पुऱ्या केल्या. काकूंच्या सुना मदतीला होत्या. तळताना पुरी कशी लागते ते बघायचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

तलावाच्या बांधाला इथं बंड म्हणतात, त्या बंडावर लाँच उभी होती आणि तिच्या काठाला पाटी, बारा आदमी. आम्ही वीस. लाँचवाला मियाँ एकदा पाटीकडे आणि एकदा आमच्याकडे बघत म्हणाला, "साब, बारा का लिखा है।"

ह्यांची मान खाली गेली. "माफ करना मियाँ, घरके लोगां हैं। आपको तकलीफ हो रई।"

आता तो मियाँही इथलाच. ह्यांची मान खाली गेलेली बघून तो विरघळला. "अजी तकलीफ कायकी, आपकीच लाँच है समझो।"

हे बोलायचं असतं म्हणून बोलला बिचारा. केशवकाकांनी ते ऐकलं, मान डोलावली, आणि सरळ जाऊन चक्रापाशी बसले. पुढचा पाऊण तास लाँच काकांनी चालवली. बैलगाडी पन्नास वर्षं हाकली होती, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. वळण आलं की तोंडानं टकटक करायचे. मियाँ शेजारी उभा राहून पाण्याकडे बघत काहीतरी पुटपुटत होता. दुआ असावी.

दोन बाकं होती. एकावर काकूंनी सतरंजी अंथरली आणि लवंडल्या, कारण पाण्यावर त्यांना गरगरतं. गरगरतं म्हणून त्यांना लिंबाचं लोणचं लागलं, लोणच्याबरोबर पुरी, पुरीबरोबर भाजी. बंडापासून शंभर हात गेलो नाही तोवर अर्धा डबा खलास. दुसऱ्या बाकावर गाठोडी. ती खाली ठेवली तर ओली होतील, म्हणून माणसं खाली. माझी आंधळी आई फळीवर, आणि सुलतान बाजारात घेतलेली लुगडी बाकावर. काकूंच्या भावजयीनं निघताना धुतलेलं लुगडं सोबत आणलं होतं. पाण्यावर वारा चांगला असतो, असं म्हणून तिनं ते लाँचच्या दांड्यावर वाळत घातलं. मग मला तलाव दिसेना. हिरवं लुगडं तेवढं दिसत राहिलं, काठ जरीचा होता, वाईट नव्हतं.

काकांचा थोरला मुलगा वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पान थुंकला. त्याच्या मागे धाकटा बसला होता. त्यावर भावाभावांत जी बोलाचाली झाली तीत गावच्या विहिरीची वाटणीही निघाली. पाच नातवंडांना मासा दिसला की पाचही त्या बाजूला धावायची, त्यांना धरायला त्यांच्या आया धावायच्या, आणि लाँच त्या अंगावर कलायची. मग मियाँ ओरडायचा, "इदर, इदर!" की सगळी या अंगाला. तारा माझा पदर धरून बसली होती. नऊ वर्षांची पोर, मला म्हणाली, "आई, आपण परत कधी जाणार?" मी म्हटलं, बाळा, लाँच आपली नाही, काकाआजोबांची आहे, त्यांना विचार.

हे कुठे होते? हे मागच्या टोकाला उभे. स्वतःची जागा त्यांनी लक्ष्मणरावांना दिली होती. लक्ष्मणराव म्हणाले, "बसू का?" हे म्हणाले, "बसा ना." झालं. मी दोनदा उठून त्यांच्याकडे जायला निघाले. पहिल्यांदा वाटेत काकूंचे पाय होते आणि दुसऱ्यांदा काकूंनी माझा हात धरून विचारलं, औरंगाबादेला गेल्यावर घर मोठं घ्याल ना, आम्हाला तेवढंच जवळ पडेल. मी म्हटलं, बघू. आमच्या घरात राहून मलाही ते जमायला लागलं होतं.

तलावाच्या मधोमध एक काळा खडक आहे. काका म्हणाले, इथं थांबू, चहा करू. काकूंनी गाठोड्यातून स्टोव्ह काढला. मियाँनं हात जोडले, साब, नीचे इंजन का तेल है. ह्यांनी मियाँकडे आणि मग काकूंकडे बघितलं, आणि दोघांनाही मनापासून हसून दाखवलं. शेवटी हिम्मतराव उठले. "काकू, इथं स्टोव्ह पेटवायचा नाही. जळून मरू सगळे. खडकावर चला." एवढं साधं वाक्य. काकूंना राग आला नाही, काही नाही. स्टोव्ह घेऊन खडकावर गेल्या. हे अवाक होऊन हिम्मतरावांकडे बघत राहिले. हिम्मतराव जिंतूरकडचे, हैदराबादेत येऊन चारच वर्षं झाली होती. मनात येईल ते बोलायचे आणि लोक बोलतात ते खरं धरायचे.

आई सोडून सगळी खडकावर उतरली. मला वाटलं, आता तरी. ह्यांच्याकडे निघाले, तेवढ्यात हिम्मतरावांच्या बायकोनं मला गाठलं. भामा तिचं नाव, वीस-एकवीस वर्षांची, हसरी. तिनं वाकून माझ्या पायाला हात लावला.

"अगं, हे काय?"

"ताई, तुमचे उपकार आहेत आमच्यावर. ह्यांनी काल मला सांगितलं. एकनाथरावांनी इथली जागा ह्यांना दिली म्हणून." ती पुढे सांगू लागली. "इथं हिमायतनगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नाव लागलंय माझं. दोन वर्षं आहेत. तिकडं गेलो असतो तर सासूबाईंनी पुस्तक हातात धरू दिलं नसतं. मी तर आशाच सोडली होती."

वळून मी ह्यांच्यापाशी गेले. एकांत वगैरे आता मला नको होता. खडकावर चहा उकळत होता, आसपास अठरा माणसं होती, आणि मी सगळ्यांदेखत विचारलं.

"अहो, जागा हिम्मतरावांना दिलीत?"

ह्यांचा चेहरा उतरला. खालच्या आवाजात म्हणाले, "दिली नाही गं. म्हणजे, विषय निघाला. मी म्हटलं, तुम्हीच घ्या ना, तुमची गरज मोठी. मला वाटलं, ते नको म्हणतील. मग मी आणखी एकदा म्हणणार होतो, ते पुन्हा नको म्हणतील, आणि मग..."

"आणि ते काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर. अकरा वर्षं मी या माणसाच्या 'आपणही चला ना'च्या पंगती वाढल्या होत्या. आज त्यानं पंगतीत माझ्या आईची चूल वाढून टाकली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग.

मी सरळ हिम्मतरावांसमोर जाऊन उभी राहिले. ते खडकावर बसून पुरी खात होते.

"हिम्मतराव, ती जागा आम्हाला हवी आहे. माझी आई आंधळी आहे, तिला माझ्याशिवाय कुणी नाही. ह्यांनी तुम्हाला जे सांगितलं ते रीत म्हणून सांगितलं. मनातून नाही."

हिम्मतरावांनी घास खाली ठेवला. "मनातून नव्हतं तर सांगितलं कशाला, वहिनी?"

याला काय उत्तर देणार? आमच्या हैदराबादेत याचं उत्तर कुणी कधी मागितलंच नव्हतं.

"छे छे, हिम्मतराव," हे धावत आले, "तिचं मनावर घेऊ नका. जरा काळजीत आहे. जागा तुमचीच, तुम्हीच..."

"अहो," मी म्हटलं, "गप्प बसा."

सगळे बघायला लागले. नवऱ्याला चारचौघांत गप्प बस म्हणणारी बाई काकूंनी पहिल्यांदाच बघितली असावी, त्यांची बशी हातातच राहिली. लक्ष्मणराव तर पुढे सरकून बसले.

हिम्मतरावांनी कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "अर्ज लिहून ठेवलाय उद्यासाठी. हे बघा, मला आडून बोललेलं कळत नाही. वहिनी म्हणतात परत द्या, तुम्ही म्हणता ठेवा. तुमच्या दोघांतलं खरं कुणाचं धरू ते सांगा. एकनाथराव, तुम्ही सांगा. जागा आधी तुमची. तुम्हाला हवी का नको?"

हे उभे होते. मी ह्यांच्याकडे बघत होते, आणि मला ठाऊक होतं की मी काहीही बोलून उपयोग नाही, हे ह्यांनीच बोलायला हवं. माझ्या मागे भामा उभी होती. मी तिच्याकडे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्याही तोंडून निघालं असतं, जाऊ दे, राहू द्या तुम्हालाच. म्हणून नाही बघितलं. एवढं मी ठरवून केलं.

मग हे म्हणाले, "हिम्मतराव, मला हवी आहे."

आवाज इतका बारीक की काकांनी "काय म्हणाला?" म्हणून विचारलं. ह्यांनी पुन्हा सांगितलं. "जागा मला हवी आहे. मी चुकीचं बोललो. माफ करा."

"बरं," हिम्मतराव म्हणाले.

कागद त्यांनी फाडला, तुकडे खिशात ठेवले, पाण्यात टाकले नाहीत. त्या दिवशी त्या तलावात काहीही न टाकणारा तो एकच माणूस. मग राहिलेली अर्धी पुरी उचलली. काकू म्हणाल्या, चहा गार होतोय. पोरं परत मासा शोधायला लागली. मी वाट बघत होते की आता काहीतरी होईल, कुणी रागावेल, कुणी उठून जाईल. इतकी वर्षं हे ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं. एका माणसानं मला हवं म्हटलं, दुसऱ्यानं बरं म्हटलं, आणि चहा झाला.

आई लाँचमध्येच बसली होती, पण तिचे कान शाबूत होते. मी तिच्यापाशी जाऊन टेकले. वाटलं, डोक्यावरून हात फिरवील. ती म्हणाली, "कुसुम, त्या मुलीचं काय गं?"

मी म्हटलं, "काही नाही. तू पाणी बघ."

डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या माझ्या आईला मी पाणी बघ म्हटलं. ती तिकडे तोंड करून बसली.

परतताना लाँच मियाँनं चालवली. काका दमले होते. गर्दी तेवढीच होती, लुगडं अजून वाळत होतं, काकूंना पुन्हा गरगरत होतं. मला त्या कशाचा राग आला नाही. सतरंजीवर पसरलेली माणसं मला पहिल्यांदाच बरी वाटली. त्यांना बाक हवं होतं, त्यांनी बाक घेतलं. मीही तेच करून आले होते आणि मला बाकापेक्षा पुष्कळ मोठी जागा मिळाली होती. भामा पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून उभी होती. रडत नव्हती. वाऱ्यानं पदर उडत होता, तो तिनं कमरेला खोचला.

बंडावर उतरल्यावर पाहुण्यांनी सामान मोजलं, माणसं मोजली नाहीत. लक्ष्मणरावांनी ह्यांना सांगितलं, छान झालं, पुढच्या वर्षी परत येऊ. हे म्हणाले, "अवश्य या." मग माझ्याकडे बघितलं आणि ओशाळले. काय करणार, एका दिवसात किती होणार माणसाकडून.

हिम्मतराव आणि भामा बसथांब्याकडे निघाले. आमच्याकडे याआधी चार-पाच वेळा आली होती दोघं. भामाला कधी दुसऱ्यांदा आग्रह करावा लागला नव्हता. बस म्हटलं की बसायची, जेव म्हटलं की पाट घ्यायची, आवडलं की आणखी मागायची, आणि मी मनातल्या मनात चरफडायची, मुलीला काही रीत म्हणून नाही. मी धावत तिच्यामागे गेले. दम लागला होता.

"भामा, मंगळवारी जेवायला या. दोघंही. सकाळीच ये, दिवसभर राहा."

तिनं माझ्याकडे बघून हसून म्हटलं, "नको ताई, कशाला तुम्हाला त्रास. पुन्हा कधी येऊ की."

अगदी इथल्या बाईसारखं म्हणाली. आता मी म्हणायला हवं होतं, असं कसं, यायलाच पाहिजे. मग ती पुन्हा नको म्हणाली असती, मग मी तिसऱ्यांदा. माझ्या तोंडून दुसऱ्यांदा शब्द निघाला नाही. बस आली, दोघं चढली. मी अगदी मनापासून बोलावलं होतं. तिला ते कळलं असणार, आणि तरीही ती नको म्हणाली.